सीटखालची पिशवी

लांबच्या राइडच्या आदल्या रात्री, घरात निजानीज झाली की मी सायकलच्या सीटखालची पिशवी सोडते आणि तिच्यातलं सगळं एका जुन्या पंचावर ओळीनं मांडते. दोन ट्यूबा, तीन टायर लिव्हर, पॅचची डबी, मिटवून मुठीत मावणारा ॲलन-कींचा जुडगा, चेनच्या जोडकड्यांची एक जोडी, जुन्या टायरचा कापलेला तीन बोटं रुंद तुकडा, पाच-सहा केबल टाय, पेन्सिलीच्या तुकड्याला गुंडाळलेली चिकटपट्टी, रबरी हातमोजे. पंप वेगळा, तो सायकलच्या दांडीला. पाव किलो चहाच्या पुड्याएवढ्या पिशवीत हे सगळं बसतं.

तपासणी दोन मिनिटांत होते. त्यानंतरचा अर्धा तास निव्वळ आवडीचा. शाळेत कवितेच्या तासाला आमच्या बाई एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायच्या : हा शब्द इथे का आला, दुसरा का नाही आला? पंचावरच्या एकेका वस्तूला मी तोच प्रश्न विचारते, आणि दर वेळी एकेक वस्तू अस्सल उत्तर देते. या पिशवीत शोभेला काही नाही. जे आहे ते कधी ना कधी, कुणाच्या तरी वाटेत, काहीतरी मोडलं म्हणून आलेलं आहे.

लिव्हरपासूनच सुरुवात करते. वीतभरही लांबी नाही. एक टोक चमच्यासारखं चपटं आणि किंचित वाकलेलं, दुसऱ्या टोकाला छोटी खाच. चपटं टोक टायरची कड रिमवरून उचलायला, खाच स्पोकमध्ये अडकवायला. पहिली लिव्हर कड उचलून स्पोकला अडकवली, की तिला धरून ठेवायला तिसरा हात लागत नाही. दुसरी तिच्यापासून दोन स्पोक सोडून. तिसरी त्याच्या पुढे घातली की मधली आपोआप सैल पडून गळते, आणि मग कड सरसर सुटत जाते. लिव्हरचा संच पूर्वापार तिनाचा का, हे एकदा हातानं केलं की सांगावं लागत नाही. कडा मात्र बोथट हव्यात, नखासारख्या गोलसर. आमच्या लहानपणी आप्पा, म्हणजे माझे वडील, आईच्या स्टीलच्या चमच्यांचे दांडे वापरायचे आणि आई चमचे मोजून घ्यायची. चमच्याचं त्यातल्या त्यात बरं. स्क्रू-ड्रायव्हरनं टायर काढणाऱ्यानं एक पंक्चर काढून आत दुसरं ठेवलेलं असतं, कारण त्याचं धारदार टोक टायरखाली चिमटीत आलेल्या ट्यूबला चावतं.

लिव्हरच्या बाबतीत खरी गंमत अशी, की नीट समजून उमजून केलं तर पुष्कळदा तिची गरजच पडत नाही. रिमच्या मधोमध एक पन्हळ असते. टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबत त्या पन्हळीत उतरवत नेली, की घेर तिथे कमी असल्यानं वरच्या बाजूला ढील मिळते, आणि मग शेवटचा हट्टी वीतभर भाग नुसत्या अंगठ्यांनी चढतो. मी हे शिकले तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. त्याआधी इतकी वर्षं मी ताकद लावत होते, आणि ढील तिथे होतीच.

आता एका रात्रीकडे येते.

पुण्याहून निघालेली ३०० किलोमीटरची ब्रेव्हे होती. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायचं, बस. २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. वाटेत ठरावीक नाक्यांवर शिक्के घ्यायचे, आणि दोन नाक्यांच्या मध्ये आपल्या गाडीनं मागून येऊन मदत करायची नाही. हा नियम मला फार आवडतो. त्यानंच सीटखालच्या पिशवीला अर्थ येतो.

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळल्यावर, वडांच्या त्या रस्त्यावर, पहाटे तीनच्या सुमारास माझं मागचं चाक जड वाटू लागलं. पंक्चर झाल्याचं आधी कंबरेला कळतं. खड्डा नसताना सीट दबते, वळणावर मागची बाजू किंचित रेंगाळते. मी उतरून अंगठ्यानं टायर दाबला. गेला होता. सोबतचा तरुण, जेमतेम पंचविशीचा, म्हणाला, "ताई, माझ्याकडं ट्यूब आहे, पटकन टाकू." मी म्हटलं, ट्यूब माझ्याकडेही आहे, आधी काटा शोधू.

नवी ट्यूब टाकायला पाच मिनिटं लागतात. पण काटा टायरमध्येच राहिला असेल, तर नवी ट्यूबही पुढच्या किलोमीटरवर जाते, आणि मग दुसरी, आणि मग पहाटेच्या काळोखात पिशवी रिकामी. म्हणून आधी पंक्चर वाचायचं. वाचायचं हाच शब्द मला योग्य वाटतो.

घरी टायर चढवताना मी एक गोष्ट न चुकता करते. टायरवर छापलेलं नाव वॉल्व्हच्या बरोबर वर आणते. दिसायलाही ते छान दिसतं, पण कारण वेगळं आहे. ट्यूब बाहेर काढून थोडी हवा भरली, भोक सापडलं, की ते वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहायचं आणि टायरवर नावापासून तेवढंच अंतर मोजायचं. काटा तिथेच असणार, नाहीतर उलट्या बाजूला तेवढ्याच अंतरावर. दोन जागा पाहिल्या की झालं, सात फुटांचा घेर चाचपत बसायला नको. नकाशावरच्या खुणेसारखं ते नाव काम करतं.

भोक शोधायला घमेलंभर पाणी रस्त्यावर कुठून आणणार? ट्यूब वरच्या ओठाजवळून हळूहळू फिरवायची. ओठाच्या वरची कातडी फार शहाणी असते. बोटाला न कळणारी झुळूक तिला कळते. तो तरुण कपाळावरची बॅटरी माझ्या हातांवर धरून उभा होता, वडाच्या पारंब्या वर कुठेतरी हलत होत्या, आणि मी ट्यूब ओठासमोरून सरकवत होते. एका जागी गार, सुईच्या टोकाएवढा श्वास लागला. तिथे बोट ठेवलं.

एकच भोक होतं, आणि ते टायरला टेकणाऱ्या बाजूला. म्हणजे बाहेरून काहीतरी घुसलेलं. रिमच्या बाजूला असतं, तर दोष रिमच्या आतल्या पट्टीचा. शेजारी शेजारी दोन भोकं असती, साप चावल्यासारखी, तर मग काटाच नाही. हवा कमी असताना खड्ड्यात चाक आपटून रिमच्या दोन्ही कडांखाली ट्यूब चिमटली, असा त्याचा अर्थ, आणि पुढे जाताना हवा जास्त भरायची. वॉल्व्हच्या बुडाशी फाटली असती, तर पॅच बसणारच नाही, ट्यूब थेट पिशवीत. भोक कुठे आहे आणि कसं आहे, एवढ्यावरून सगळी हकीकत कळते.

नावापासून अंतर मोजून मी टायरच्या आतून बोट फिरवलं. अगदी हळू, कारण काच असेल तर बोट कापतं. काही लागलं नाही. पुन्हा फिरवलं. मग हातमोज्याचा कापडी पंजा उलटा करून आतून ओढला, आणि एके जागी धागा अडकला. केसाएवढी बारीक, पाव इंचाहून लहान, काळपट तार. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंधड्या हायवेच्या कडेला पडतात, आणि त्या टायरांच्या आतल्या पोलादी जाळीच्या तारा झडून डांबरावर पसरतात. नेमक्या कडेच्या पट्ट्यात, जिथून आम्ही चालवतो. बाभळीचा काटा दिसतो तरी. ही तार दिसत नाही, टायर दाबला की आत शिरते, सोडला की मागे सरते, आणि हवा तासभर हळूहळू जाते. नखांनी ती निघेना. शेवटी त्या मुलानं जॅकेटची सेफ्टीपिन काढून दिली, आणि तिच्या टोकानं मी तार बाहेरून आत ढकलून ओढून काढली. बॅटरीच्या उजेडात तळहातावर ठेवून आम्ही दोघांनी ती पाहिली. तेव्हापासून पिशवीत एक बारीक चिमटा आहे. वरच्या यादीत तो सांगायचा राहिला.

त्या पहाटे मी नवी ट्यूब टाकून निघाले. वेळेचं बंधन असताना तेच शहाणपणाचं. पण जुनी ट्यूब टाकली नाही. घरी आल्यावर पॅचची डबी उघडली.

पिशवीतल्या सगळ्या वस्तूंमध्ये मला ही डबी सर्वांत सुंदर वाटते. बाकीच्या वस्तू काढतात, घट्ट करतात, बदलतात किंवा तात्पुरतं धरून ठेवतात. ही एकटी बरं करते. काडेपेटीएवढी डबी. आत सहा पॅच, सोल्यूशनची नखाएवढ्या टोपणाची नळी आणि पॉलिश पेपरचा तुकडा. एवढ्या तीन गोष्टींत एक पुरी प्रक्रिया आहे, आणि त्यातली प्रत्येक पायरी सकारण आहे.

पहिल्यांदा घासायचं. ट्यूब साच्यातून निघते तेव्हा ती साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश वर राहिलेला असतो, आणि साच्याच्या सांध्याची उभी रेघही असते. रेघ भोकाजवळ असेल तर ती पुरी सपाट होईपर्यंत घासायची, नाहीतर पुढे तिच्या कडेनं हवा वाट काढते. मग सोल्यूशनचा पातळ थर, पॅचपेक्षा थोडा मोठा. आणि मग थांबायचं. पंक्चर काढणं बिघडतं ते इथे. सोल्यूशन म्हणजे गोंद असं आपण धरून चालतो आणि ओला असतानाच पॅच दाबतो. ते गोंदासारखं काम करतच नाही. उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेलं रबर आणि सोबत रसायनं. द्रव उडून गेला पाहिजे, चकाकी मरून पृष्ठभाग मंद झाला पाहिजे, तेव्हा कुठे पॅचच्या खालचा थर आणि ट्यूबचं रबर यांच्यात बंध जुळू लागतात. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये रबर आणि गंधक तापवून जे साधलं, त्याच जातीचं काम इथे विस्तवाशिवाय, माझ्या मांडीवर, चार-पाच मिनिटांत होतं. चांगला पॅच दुसऱ्या दिवशी उपटायला जा, तो निघत नाही. तो आता ट्यूबचाच झालेला असतो. कडेला तो पातळ होत गेलेला असतो, पारदर्शक व्हावा इतका, म्हणून बोट फिरवलं तर कुठे संपला ते कळत नाही. शिवणीतला असा सफाईदारपणा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

आप्पांकडे असले तयार पॅच नव्हते. खटाव तालुक्यात ते प्राथमिक शिक्षक होते. शाळा नऊ किलोमीटरवर, आणि वाटेवर बाभळीच बाभळी. सीटमागे चामड्याची एक तिकोनी पेटी लटकलेली असे. तिच्यात हाडाच्या आकाराचा, आठ-दहा भोकांचा पाना, सोल्यूशन, जुन्या ट्यूबचे कात्रीनं गोल कापलेले तुकडे, भोकं पाडलेल्या पत्र्याची घासणी आणि वॉल्व्हवर चढवायच्या रबरी नळीचा, म्हणजे वॉलट्यूबचा, करंगळीएवढा तुकडा. पंक्चर काढताना ते बोलत नसत. सोल्यूशन लावून ट्यूब मांडीवर ठेवायचे आणि फुंकर मारायची नाही म्हणून मला बजावायचे, कारण फुंकरीतली वाफ बसते. पॅच दाबून झाला की खिशातून खडूचा तुकडा काढून त्याची भुकटी वर चोळायचे. पॅचच्या कडेनं उरलेलं सोल्यूशन टायरला आतून चिकटू नये म्हणून. त्यांच्या प्रत्येक ट्यूबवर अशी पांढरी बोटं उमटलेली असत. आज मी टाल्कम पावडर वापरते, पण रस्त्यावर पावडर नसते तेव्हा चिमूटभर माती चालते.

माझ्या एका ट्यूबवर सात पॅच आहेत. ती अजून हवा धरते. तारेचा पॅच सहावा, आणि तो कुठला ते मला न पाहता सांगता येतं.

पंक्चर आणि सायकल यांचं नातं आपण समजतो तितकं जुनं नाही. जॉन बॉइड डनलॉपनं बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते १८८८ मध्ये. त्याआधी चाकं भरीव होती, हाडं खिळखिळी व्हायची, पण पंक्चर नव्हतं. सुरुवातीचे हवेचे टायर रिमला चिकटवलेले असत. भोक पडलं की टायर सोलून काढायचा, ठिगळ लावायचं आणि पुन्हा चिकटवून रात्रभर वाळवायचा. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी हा ताप ओळखून काढता-घालता येणारा टायर केला, आणि १८९१ च्या पहिल्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ त्या टायरवर जिंकला. सुमारे १२०० किलोमीटर, ७१ तास आणि काही मिनिटं. रात्रभराचं काम पाव तासावर आलं होतं. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस आजही चार वर्षांतून एकदा होते, शर्यत म्हणून नव्हे तर ९० तासांची राइड म्हणून, आणि तिथे जायचं तर त्या वर्षी २०० ते ६०० पर्यंतच्या चारही ब्रेव्हे पुऱ्या कराव्या लागतात. पुण्या-मुंबईचे, नाशिकचे सायकलस्वार दर खेपेला जातात. माझ्या पिशवीतल्या लिव्हरचा धागा असा थेट १८९१ पर्यंत जातो. तेव्हाचा टायर काढता येत नसता, तर लिव्हर जन्मालाच आली नसती.

पंपाबद्दल थोडकंच. हल्ली बरेच जण पंपाऐवजी कार्बन डायऑक्साइडचं १६ ग्रॅमचं नळकांडं ठेवतात. उघडलं की फुस्स करून दोन सेकंदांत टायर टणक. नळकांडं इतकं गार पडतं की त्यावर दंव धरतं आणि उघड्या हाताला चटका बसतो. शर्यतीत ते ठीक. पण तो वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या सकाळी टायर मऊ लागतो, आणि मुख्य म्हणजे नळकांडं एकदाच. काटा काढायचा राहिला असेल, तर दुसरी संधी नाही. माझा हातपंप ८० पौंडांपर्यंत न्यायला अडीचशेहून जास्त ठोके घेतो. शेवटचे पन्नास दंडात भरतात. तरी तो कधी संपत नाही, आणि जो संपत नाही त्याच्या जिवावर रात्री निघता येतं.

ॲलन-कींचा जुडगा तसा गद्य. चार, पाच आणि सहा मिलिमीटर या तीनच की खऱ्या कामाच्या, बाकीच्या सोबतीला. त्यातला चेन तोडायचा छोटा दट्ट्या मात्र पाहावा. सायकलच्या चेनचा आराखडा हान्स रेनॉल्डनं १८८० मध्ये पेटंट केलेल्या रोलर चेनचाच आहे. एका पिनेपासून दुसरी पिन अर्ध्या इंचावर. चेन तुटली की दट्ट्यानं मोडकी कडी ढकलून काढायची आणि त्या जागी जोडकडी बसवायची. दोन अर्धे तुकडे एकमेकांत अडकवायचे आणि पेडलवर जोर द्यायचा, टक् असा आवाज येतो. हत्यार न लागता दोन सेकंदांत ओढानंच घट्ट होणारी गाठ. ज्यानं ती पहिल्यांदा काढली त्याला मी मनोमन नमस्कार करते.

आणि एक हत्यार पिशवीत नाही, त्याचीही आठवण ठेवावी लागते. आप्पांच्या सायकलीचं चाक काढायला पाना लागायचा. माझं लागत नाही, एक दांडी फिरवली की चाक हातात. इटलीतल्या तुल्लिओ काम्पान्योलोची गोष्ट सांगतात, की १९२४ च्या नोव्हेंबरात क्रोचे द'आउने नावाच्या घाटात, बर्फात बोटं बधिर झाल्यानं त्याला चाकाचे नट सोडवता आले नाहीत आणि शर्यत हातची गेली. पुढे त्यानं चाक झटकन सुटावं अशी दांडी तयार केली. अशी ही रिकामी जागा बधिर बोटांमधून आली आहे, आणि पिशवीचं वजन तेवढं कमी झालं आहे.

पण जिथे पिशवीचा काही उपयोग नाही, तिथे माणूस काय करतो? या प्रश्नाचं उत्तर मला एका सायकलस्वाराच्या हकिकतीत सापडतं, आणि ती मी आजवर कितीतरी जणांना सांगितली आहे. १९१३ ची तूर द फ्रान्स. पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट. यूजेन क्रिस्तोफ हा फ्रेंच सायकलस्वार उतारावर होता, शर्यत जिंकण्याची चांगली आशा होती, आणि सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, मोडला. त्या काळी आयोजक आंरी देग्रांज यांचा नियम कडक होता : मोडलं तर स्वतः दुरुस्त करा, कुणाचा हात लागता कामा नये. खांद्यावर अडकवलेल्या जादा टायरांनी फोर्क जोडता येत नाही. क्रिस्तोफनं सायकल खांद्यावर घेतली, आणि दहा किलोमीटरहून जास्त चालत तो डोंगराखालच्या सेंत-मारी-द-कांपां या गावी आला. तिथे लोहाराची भट्टी होती. लोहारानं हात लावायचा नाही, कारण शर्यतीचे पंच डोळ्यांत तेल घालून उभे. मग क्रिस्तोफनंच लोखंड तापवलं, ठोकलं, जोडलं. तीन तासांहून जास्त वेळ गेला. भात्याला मात्र एकाच वेळी हात लावता येईना, कारण दोन्ही हात कामात. तेव्हा तिथल्या एका मुलानं भाता ओढला. एवढ्या मदतीबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड झाला, पुढे तो तीन मिनिटांवर आणला. क्रिस्तोफ तो फोर्क घेऊन पुढे गेला, पॅरिसला पोचला आणि एकंदरीत सातवा आला. सहा वर्षांनी, १९१९ मध्ये, आघाडीवरच्या स्वाराला पिवळी जर्सी द्यायची प्रथा सुरू झाली, ती घालणारा पहिला माणूस हाच. आणि त्याच वर्षी, अंगावर ती जर्सी असताना, त्याचा फोर्क पुन्हा मोडला आणि तूर पुन्हा निसटली.

ही गोष्ट लोक चिकाटीची म्हणून सांगतात. मला तिच्यात भाता ओढणारा मुलगा दिसतो. देग्रांज यांच्या नियमात तेवढ्या हाताला जागा नव्हती. आमच्या ब्रेव्हेचा नियम मला अधिक पटतो. मागून गाडी आणायची नाही, पण वाटेवर जे असेल, चहाची टपरी, पंक्चरवाला, दुसरा सायकलस्वार, ते सगळं तुमचं. सेफ्टीपिन काढून देणाऱ्याला दंड नाही.

पिशवीच्या तळाशी टायरचा तो तुकडा आहे. त्याला बूट म्हणतात. टायरच फाटला, की ट्यूब फाटीतून फुग्यासारखी बाहेर येते, तेव्हा आतून हा तुकडा लावायचा. तो नसेल तर दुधाच्या पिशवीचा जाड तुकडा चालतो, टूथपेस्टची कापलेली नळी चालते, आणि दहाची नोट चार घड्या करून लावली तरी घरापर्यंत येता येतं. मी स्वतः एकदा नोट लावून पसरणीच्या घाटातून उतरले आहे. चार घड्यांच्या त्या कागदानं जेवढा धीर दिला, तेवढा नव्या टायरनंही दिला नाही.

गेल्या दिवाळीनंतर कोरेगावहून पुसेगावकडे चालले होते. आप्पांच्या शाळेचाच मुलूख. सकाळची वेळ, कडेला ज्वारी पोटरीला आलेली. एक मुलगी, आठवी-नववीतली असेल, शाळेच्या गणवेशात, सायकल उलटी करून मागच्या चाकाशी बसली होती. मी थांबले. मोठ्या माणसाच्या थाटात म्हटलं, "पंक्चर झालं का गं? थांब, आहे माझ्याकडं सगळं." आणि पिशवीची चेन ओढली.

ती म्हणाली, "पंक्चर नाही मॅडम. वॉलट्यूब गेलीय."

तिनं वॉल्व्ह उघडून हातात धरला होता. त्या बारीक नळीवरचं रबर कडक होऊन चिरलं होतं. तिनं टायर पाहिला होता, काटा नाही हे पाहिलं होतं, आणि दोष नेमका शोधला होता. माझ्या पिशवीत वॉलट्यूब नव्हती. माझ्या सायकलीला ती लागत नाही, म्हणून मी कधी ठेवलीच नव्हती. मी गप्प झाले. ती दप्तराकडे वळली आणि कंपासपेटी काढली. पट्टी, कोनमापक, खोडरबर, आणि कर्कटकाच्या टोकाखाली रबराची एक बारीक, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी नळी. दातानं तिनं हवा तेवढा तुकडा तोडला, थुंकीनं ओला केला, नळीवर सरकवला, वॉल्व्ह बसवला, नट आवळला.

"पंप नाहीये मॅडम," ती म्हणाली.

माझ्या पंपाचं तोंड तिच्या वॉल्व्हला नेमकं बसतं, माझ्या सायकलीचा प्रेस्टा वॉल्व्ह आणि आपला साधा वॉल्व्ह या बाबतीत भाऊभाऊ आहेत. मी भरू लागले. तिनं चाक सरळ धरलं. तीस-चाळीस ठोक्यांनंतर तिनं अंगठ्यानं टायर दाबून पाहिला, पुन्हा दाबला, आणि म्हणाली, "बास." मग उरलेली वॉलट्यूब परत कर्कटकाच्या टोकाखाली ठेवली, पेटी मिटली आणि दप्तरात टाकली.